जिन्याखालची नमाज

एका वाचक मुलीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात:

माझं वय २३. शिक्षण मराठी माध्यमातून झालं, घरातली भाषाही मराठी. गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका छोट्या शहरात, कॅथलिक विद्यापीठात एमएस करते आहे. अकरावीपासून स्कार्फ बांधते. वर्गात स्कार्फवाली मी एकटीच. बातम्यांत मुसलमानांबद्दल काही आलं की सर बोलता बोलता थांबतात आणि माझ्याकडे बघतात. नमाज लायब्ररीच्या मागच्या जिन्याखाली पढते. पावलं वाजली की उठते आणि मोबाइल शोधत असल्याचं दाखवते. वजू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय धुताना, एक पाय बेसिनमध्ये आणि कान दाराकडे.

नाताळात रूममेट मला तिच्या घरी घेऊन गेली. माणसं फार मायेची. त्यांच्याबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाही गेले. सगळे प्रसादासाठी रांगेत निघाले तेव्हा तिची आजी म्हणाली, छातीवर हातांची फुली करून चल, फादर फक्त आशीर्वाद देतील. मी गेले. तेव्हापासून नमाजला उभी राहिले की तेच आठवतं. दुसरी एक मैत्रीण दर आठवड्याला बायबल स्टडीला बोलावते आणि ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करते’ म्हणते. जानेवारीत एका गाडीतून कुणीतरी माझ्यावर ओरडलं, आपल्या देशात परत जा म्हणून. ते अम्मीला सांगितलं. आता ती रोज फोनवर म्हणते, स्कार्फ काढ, जीव आधी. दोन आठवड्यांनी उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती आहेत आणि सीनियरही म्हणतात, तेवढ्यापुरता काढ. मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनमधल्या मुलींना माझं सगळंच अर्धवट वाटतं. उर्दू धड येत नाही म्हणजे काय, असं विचारतात. मराठी मंडळाच्या संक्रांतीला गेले तर एक काकू म्हणाल्या, ‘अगं, मराठी किती छान बोलतेस!’ यंदा पहिल्या रोजाच्या दिवशी रूममेट कपाळाला राख लावून आली. मला वाटलं काहीतरी लागलंय, मी पुसायला टिश्यू दिला. एवढ्या सगळ्यात माझी ओळख टिकवायची कशी? की सरळ परत यावं?

प्रिय मुली,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यातली माणसं बाजूला ठेवली तरी तो जिना काही डोळ्यांपुढून हलत नाही. मी स्वतः शिकायला बाहेर होते तेव्हा माझाही असा एक कोपरा होता, आणि तो ओला मोजाही मला चांगला आठवतो. घाईघाईत पाय पुसायचा राहतो, वर मोजा चढवायचा, बूट घालायचा आणि बर्फातून पुढच्या तासाला पळायचं. संध्याकाळपर्यंत बोटं बधिर. तेव्हा त्या कोपऱ्याबद्दल मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

म्हणून आधी तेच विचारते. जिन्याखाली नमाज पढ असं तुला कुणी सांगितलं? दुसरीकडे पढू नकोस असं कुणी म्हणालं? पत्रात तसं कुठेच नाही. नकार मिळायच्या आधीच तू तो स्वतःला देऊन टाकलास. पावलं वाजली की मोबाइल शोधतेस. म्हणजे तुला आठवडाभर दमवणारी गोष्ट नमाज नाही, तिच्यासोबत चाललेलं हे नाटक आहे.

तुझं विद्यापीठ कॅथलिक आहे, आणि तुला वाटतं तसं ते तुझ्या विरोधातच जाईल असं नाही. अशा विद्यापीठांत कॅम्पस मिनिस्ट्री नावाचं कार्यालय असतं. विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेची सोय बघणं हे तिथल्या माणसांचं रोजचं काम आहे, त्यांना ‘नमाज म्हणजे काय’पासून सांगत बसावं लागत नाही. वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन विद्यापीठ हे जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं. त्यांनी १९९९ सालीच मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ इमाम नेमला होता. तुझ्या छोट्या शहरात इमाम नसेल, पण एक खोली, एक खुर्ची आणि दाराला आतून कडी एवढं मिळायला हरकत नसावी. चार ओळींचा ईमेल टाक: मी अमुक विभागाची विद्यार्थिनी, दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं शांत जागा लागते, पाय धुता येतील असं स्वच्छतागृह जवळ असेल तर बरं. कारणं देत बसू नकोस आणि माफी तर मुळीच मागू नकोस. नकार आला तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा. तुमच्या विभागात सेमिनारची खोली असेलच, तिचं वेळापत्रक मागून घे.

थंडीत वेळेची खरी ओढाताण होते, हे मला माहीत आहे. डिसेंबरात तुमच्याकडे साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा तीन-चार तासांत येऊन पडतात आणि नेमकं त्याच वेळी लॅब असते. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात लॅबच्या शिक्षकांना एकदाच सांगून ठेव की साडेचारच्या सुमाराला मी सात मिनिटं बाहेर जाईन. दर वेळी चोरून सटकलं की लोकांना शंका येते. पाण्यासाठी बॅगेत झाकणाची छोटी बाटली ठेव, म्हणजे बेसिनवर पाय चढवावा लागणार नाही. मोज्यांवरून मसह करण्याबद्दल, म्हणजे पाय न धुता नुसता ओला हात फिरवण्याबद्दल, आपल्या मसलकांत (पंथांत) मतं वेगवेगळी आहेत. मी मुफ्ती नाही, तुझा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना विचार. पण विचार नक्की, पाय गारठवून घेऊ नकोस.

आता त्या राखेकडे येते. पत्रात ती ओळ सहज आली आहे आणि तुला तिची लाज वाटते आहे. मला तर तीच सगळ्यात मोलाची वाटली. यंदा, २०२६ मध्ये, १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता, कपाळाला राख लावायचा दिवस. त्या दिवशी कॅथलिकांचा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो. नेमका त्याच दिवशी आपला रमजान सुरू झाला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे असं क्वचित जुळतं. एका खोलीत दोन मुली, दोघींचा उपास एकाच दिवशी सुरू झालेला, आणि दोघींनाही एकमेकींचं ठाऊक नाही! तू टिश्यू पुढे केलास तेव्हा तिलाही क्षणभर तसंच वाटलं असेल जसं तुला जिन्याखाली वाटतं. ती राख कपाळावर घेऊन दिवसभर वर्गात वावरली. कुणी टक लावून बघितलं असेल, कुणी काहीतरी लागलंय म्हणून सांगितलं असेल. आपली श्रद्धा अंगावर दिसू देणं म्हणजे काय, हे त्या कॅम्पसवर स्कार्फवाल्या मुलीइतकं कुणाला कळत असेल तर या राखवाल्या मुलीला.

तुझ्या पत्रात ‘इथला ख्रिश्चन समाज’ हे शब्द पाच वेळा आलेत (सारांशात मी ते गाळले). तो समाज म्हणजे एक भिंत आहे आणि तू अलीकडे एकटी उभी आहेस, असं चित्र त्यातून दिसतं. पण तूच लिहिलेली माणसं बघ ना. ती आजी, ती बायबलवाली मैत्रीण, ते सर, गाडीतून ओरडणारा माणूस. जनगणनेच्या कागदावर सगळे एकाच रकान्यात बसतील कदाचित, पण आजीला आणि त्या गाडीवाल्याला तू एका मापाने मोजू शकशील का? आणि सर नास्तिक असतील तर? कॅम्पसवर तुला पुष्कळ माणसं भेटतील ज्यांना कुठलाही धर्म पाळणं हेच जुनाट वाटतं. त्यांना तुझा रोजा जितका परका, तितकाच रूममेटचा लेंट.

रूममेटला एवढंच विचार की तू या दिवसांत काय सोडलंस. लेंटमध्ये बरेच जण आवडीची एखादी गोष्ट सोडतात आणि शुक्रवारी मांस खात नाहीत. कॅथलिक विद्यापीठाच्या मेसमध्ये म्हणूनच त्या शुक्रवारी मासे ठेवतात. हलालच्या चिंतेने तू ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांवर दिवस काढते आहेस असं लिहिलंस. निदान शुक्रवारचा इफ्तार तरी पोटभर होईल. तिला सोबत बोलाव. खजूर तू आण.

मिस्साचं म्हणशील तर रात्री झोप उडावी असं तू काही केलेलं नाहीस. छातीवर हातांची फुली करणं ही तिथे ‘मला प्रसाद नको’ असं सांगायची खूण आहे. कॅथलिक नसलेल्यांना रांगेत अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती पद्धत पडली. म्हणजे तू त्यांचा संस्कार घेतला नाहीस, घेत नाही एवढंच नम्रपणे सांगितलंस. एका म्हाताऱ्या बाईने मायेने पुढे केलं आणि नवख्या जागी तुला नाही म्हणायला सुचलं नाही, एवढीच ही गोष्ट. मनाला टोचत असेल तर तौबा कर आणि पुढे हो. तौबा केल्यावरही तेच तेच उगाळत बसणं कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी जायचं की नाही ते तुझं तू ठरव. गेलीस तर निघण्याआधी घरातच सांग: ‘मी मागच्या बाकावर बसेन, सगळे रांगेत जाल तेव्हा जागेवरच थांबेन.’ तिथे कित्येक जण तसे बसून असतात, कुणी वळूनही बघत नाही. नाही गेलीस तरी चालेल. आजीबरोबर घरी थांब, भांडी घास, टेबल मांड. पाहुणचाराची परतफेड करायला चर्चमध्येच जायला हवं असं थोडंच आहे!

तुझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मैत्रिणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तिच्या प्रार्थनेचा राग धरू नकोस, आपणही दुआ करताना कुणाची परवानगी मागत नाही. पण दर आठवड्याच्या आमंत्रणाला ‘बघते’, ‘या वेळी जमेल असं वाटत नाही’ अशी उत्तरं देत राहिलीस तर ती विचारतच राहणार, कारण तू कधी नाही म्हणालीच नाहीस. एकदा स्पष्ट सांग: ‘माझा दीन मला प्रिय आहे, तो मी बदलणार नाही. तुझ्याशी मैत्री हवी आहे, कॉफी प्यायला कधीही येईन.’ याउपर ती भेटत राहिली तर मैत्रीण आहे. भेटणं थांबलं तर तिला तुझ्यात काय हवं होतं ते कळलं. आणि तुलाच तिच्याशी धर्मावर बोलावंसं वाटलं तर मरियमपासून सुरुवात कर. कुराणात नावानिशी आलेली ती एकमेव स्त्री, तिच्या नावाची अख्खी सूरा आहे. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

वर्गातल्या नजरांचं उत्तर मात्र तू पाठच करून ठेव. ‘सर, मी जगातल्या सगळ्या मुसलमानांच्या वतीने बोलू शकत नाही. या विषयावर माझं स्वतःचं मत हवं असेल तर वाचून येऊन सांगेन.’ हे आवाज न चढवता, हसरा चेहरा ठेवून म्हणता येतं. सरांना त्यांच्या ऑफिस-अवर्समध्ये एकट्याने भेटून सांगितलंस तर आणखी बरं. चारचौघांत कुणाची चूक काढली की माणूस बचावाला उभा राहतो. तू फीचे पैसे भरून संख्याशास्त्र शिकायला गेली आहेस, दीड-दोन अब्ज माणसांची वकिली करायला नाही. तुझा एक दिवस वाईट गेला, तू कुणावर चिडलीस, परीक्षेत कमी गुण मिळाले, तर त्याने इस्लामची मान खाली जात नाही. हे ओझं चांगल्या, मन लावून वागणाऱ्या मुलीच जास्त उचलतात आणि त्यापायी नीट हसणंही विसरतात.

आता स्कार्फ. याला वेळ देऊ, कारण इथे तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत.

पहिला अम्मीचा, आणि तो भीतीचा आहे. हजारो मैलांवर बसलेल्या आईला त्या गाडीचा आवाज रोज रात्री ऐकू येत असणार. तिला ‘तू दीन विसरलीस’ असं म्हणू नकोस. तिला माहिती दे. एकटी कुठल्या वेळी चालतेस, रात्री कॅम्पसची सोबत-सेवा आहे का, पोलिसांचा नंबर कुठे लावलाय, हे तिला कळू दे. जानेवारीतला प्रकार विद्यापीठाला कळवला नसशील तर आता कळव. तारीख, वेळ, जागा, गाडीचा रंग, जेवढं आठवतं तेवढं. कळवल्याने काय होणार असं वाटेल. पण असे प्रकार कुठे होतात हे नोंदीतूनच दिसतं, आणि तुझ्यानंतर त्या रस्त्याने दुसरी मुलगी जाणार आहे. धोका खरोखर वाढला, कुणी पाठलाग केला, हात लावला, तर त्या काळापुरती टोपी, हुडी, काहीही घाल. जीव वाचवताना केलेल्या तडजोडीचा हिशोब अल्लाह माणसांसारखा ठेवत नाही, असा माझा विश्वास आहे. पण एका माणसाच्या एका आरोळीवर, घाबरलेल्या आठवड्यात, कायमचा निर्णय घेऊ नकोस. काढायचा तरी नको आणि कधीच काढणार नाही अशी शपथही नको.

दुसरा प्रश्न मुलाखतीचा. इथे थोडा कायदा माहीत असलेला बरा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला धर्मावरून नोकरी नाकारता येत नाही. २००८ साली ओक्लाहोमातली १७ वर्षांची एक मुलगी काळा स्कार्फ बांधून कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. मुलाखत चांगली झाली, नोकरी मात्र मिळाली नाही, कारण स्कार्फ कंपनीच्या ‘लूक’मध्ये बसत नव्हता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक मताने तिच्या बाजूने लागला. तिने सवलत तोंडाने मागितली नव्हती ही सबब कंपनीच्या कामी आली नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे श्रद्धाळू कॅथलिक होते. दुसरा निकाल २०२३ चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका इव्हँजेलिकल ख्रिश्चन पोस्टमनला रविवार पाळायचा होता, पोस्टखातं त्याला रविवारी कामाला बोलवत होतं. धार्मिक सोय नाकारायची तर धंद्याच्या मानाने मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवायला हवं, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं. उद्या तू ऑफिसात नमाजसाठी दहा मिनिटं मागशील तेव्हा त्या पोस्टमनचा रविवार तुझ्याही कामी येईल.

कायदा आहे म्हणून भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही. कुणी तोंडावर काही बोलत नाही, नुसता ईमेल येत नाही. कायद्यालाही कडा आहेत. धार्मिक संस्थांना स्वतःच्या धर्माची माणसं निवडायची मुभा असते, आणि बिनपगारी इंटर्नला हे संरक्षण मिळेलच असं नाही. तक्रार करायचीच झाली तर मुदत १८० दिवसांची, पुष्कळ राज्यांत ३००. म्हणून ईमेल, तारखा, कोण काय बोललं, सगळं जपून ठेव.

मुलाखतीत स्कार्फ बांधायचा की नाही? मला विचारशील तर बांधून जा. दीनासाठी म्हणून सांगत नाही, तो तुझा आणि अल्लाहचा मामला. साधा व्यवहार म्हणून सांगते. स्कार्फ काढून मिळालेल्या जागी पहिल्या सोमवारी तू काय करणार? बांधून गेलीस तर सगळ्यांचे चेहरे बघावे लागतील, नाही बांधलास तर तीन महिने जिन्याखालचं नाटक ऑफिसात. जिथे स्कार्फ चालत नाही ती जागा मुलाखतीतच कळलेली काय वाईट? तरीही घरची अडचण असेल, डोक्यावर कर्ज असेल आणि ही एकच संधी असेल, तर काढून जाणाऱ्या मुलीला मी नावं ठेवणार नाही. नमाजची वेळ, ईदची सुटी ही बोलणी मात्र मुलाखतीत नकोत. नोकरीचं पत्र हातात आलं की मग करायची.

तिसरा प्रश्न तू विचारलाच नाहीस: तुला स्वतःला काय वाटतं? अम्मी, सीनियर, मंडळाच्या काकू, असोसिएशनच्या मुली, सगळ्यांची मतं पत्रात आहेत. तुझं नाही. अकरावीत तू स्कार्फ का बांधलास, आणि आज सकाळी का बांधलास, ही दोन उत्तरं कागदावर लिही. ती सारखी नसली तरी घाबरू नकोस.

आपल्या भाषेतली एक मुलगी याच देशात तुझ्या आधी जाऊन आली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बंगालमधलं ते श्रीरामपूर, मिशनऱ्यांचं गाव. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने भागेना, तेव्हा त्यांनी साडी नेसायची पद्धत बदलली. साडी सोडली नाही. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा एक फोटो आहे, शेजारी जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण त्यानंतर वर्षही पुरं व्हायच्या आत, २२ वर्षं पुरी व्हायच्या आधी, क्षयाने गेल्या. थंडी, न मानवणारं अन्न, आणि सगळं एकटीने निभावण्याचा हट्ट. त्यांच्या निर्धाराचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यांच्या ताटाची काळजी वाटत आली आहे. म्हणून तुला सांगते, नीट जेव. मेसच्या मुख्य माणसाला भेट, हलाल नसेल तर मासे, डाळी, भाज्या रोज काय मिळेल ते विचार. सहेरी सोडू नकोस. तब्येत बिघडली तर रोजाची सवलत दीनानेच दिली आहे.

राहिलं ते तिन्ही घरी परकं वाटण्याचं. चर्चच्या कॅम्पसवर तू ‘मुस्लिम’, मुस्लिम मुलींत ‘इंडियन’, मराठी मंडळात ‘किती छान मराठी बोलणारी’. ते काकूंचं वाक्य मीही तीस वर्षं ऐकते आहे. आधी हसून घ्यायची, मग चिडायची, आता शांतपणे सांगते, ‘काकू, माझीही मातृभाषा आहे.’ पुढे काही जोडत नाही.

असोसिएशनच्या मुलींनी तुला कमी लेखलं, ते तुला जास्त लागलंय. साहजिक आहे, आपल्या माणसांकडून लागलेलं जास्त दुखतं. या मुली बऱ्याचदा स्वतःच घाबरलेल्या असतात. आजूबाजूला सगळं निसटतंय असं वाटलं की माणूस शेजारच्याचे उच्चार तपासायला लागतो. त्यांना अस्मा बिन्त उमैस आठवत असतील. मक्केत छळ झाला तेव्हा सुरुवातीच्या मुसलमानांनी समुद्र ओलांडून हबशाच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) ख्रिश्चन राजाकडे, नज्जाशीकडे आसरा घेतला. त्यात अस्मा आणि त्यांचे पती जाफर होते. दहा-बारा वर्षांहून जास्त काळ त्या ख्रिश्चन मुलखात राहिल्या, तिथेच त्यांची मुलं झाली. मग मदिनेला आल्या. हजरत उमरांनी विचारलं, हीच का ती हबशाची? हीच का ती समुद्रावरची? आणि म्हणाले, आम्ही तुमच्या आधी हिजरत केली, म्हणजे दीनासाठी घर सोडून मदिनेला आलो, रसूलुल्लाहवर (पैगंबरांवर) आमचा हक्क तुमच्यापेक्षा जास्त. अस्मांना राग आला. बुखारी शरीफ या हदीसच्या ग्रंथात त्यांचं उत्तर आहे: तुम्ही रसूलुल्लाहबरोबर होता, ते तुमच्या भुकेल्यांना खाऊ घालत होते, अजाणांना समजावत होते, आम्ही दूर, परक्या मुलखात होतो. रसूलुल्लाहना हे सांगेपर्यंत मी अन्नपाणी घेणार नाही. त्या गेल्या, सांगितलं. उत्तर मिळालं की उमर आणि त्यांच्या साथीदारांची हिजरत एक, जहाजातून आलेल्या तुमच्या दोन. पुढे जहाजातले ते लोक घोळक्याने अस्मांकडे यायचे आणि तेच पुन्हा पुन्हा ऐकवायला सांगायचे.

त्या जहाजातल्या लोकांना ते शब्द किती हवे असतील, विचार कर. एवढी वर्षं परक्या मुलखात नमाज पढून आल्यावर घरच्यांनीच ‘तुम्ही कमी’ म्हणावं! अस्मा चिडल्या, आणि योग्य ठिकाणी जाऊन बोलल्या. गप्प बसल्या नाहीत आणि मंडळी सोडूनही गेल्या नाहीत. तूही असोसिएशन सोडू नकोस. दर आठवड्याला नको, पण रमजानच्या इफ्तारला जा. उर्दूचा विषय निघाला की सांग, ‘माझ्या घरी दुआसुद्धा मराठीत मागतात, ऐकायची आहे?’ तिथे आफ्रिकेतली, इंडोनेशियातली, नुकताच कलमा वाचून मुसलमान झालेली अमेरिकन, अशी एखादी तरी मुलगी असेल जिला उर्दूही येत नाही आणि अरबीही. तिच्या शेजारी बस.

परत यायचं का, याला माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. पहिला हिवाळा सगळ्यांनाच परत पाठवतो मनातून. हे सेमिस्टर पुरं कर, मुलाखती दे, मे महिन्यात पुन्हा हाच प्रश्न स्वतःला विचार. तेव्हाही उत्तर ‘परत’ आलं तर ये. ती हार नसेल, आणि तसं म्हणणाऱ्यांना माझा नंबर दे.

कॅम्पस मिनिस्ट्रीला तो ईमेल मात्र आजच टाक. खोली मिळाली की मला कळव. आयुष्यभर आपण पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलो, तुमच्याकडे किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, ईशान्येला येतो. त्या दिशेला खिडकी आहे की भिंत, तेही लिही.

तुझी,
खाला